आधी तू सांग

नुसती खरखर ऐकून बँडचा शो ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गाणं सुरू व्हायच्या आधी, कॅसेट फिरायला लागल्या लागल्या, आमचे पेणचे दादा एक डोळा बारीक करून म्हणायचे, "जर्मनीचा. दुसऱ्या दिवसाचा. बाल्कनीतून घेतलाय, आणि घेणाऱ्याला सर्दी झालेली हाय." मग गाणं सुरू व्हायचं आणि दोन मिनिटांत जर्मनीच्या त्या बाल्कनीत कोणीतरी खरोखरच शिंकायचं. आम्ही त्यांना तोंडावर दादा म्हणायचो आणि पाठीमागे खरखर. हे त्यांना ठाऊक होतं. आवडतही असावं, पण कबूल करतील तर ते दादा कसले! कोणाला बरं म्हणणं त्यांच्या जिभेला मानवायचंच नाही.

पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात दादा डोळ्यांची आखणी करायचे. बाकीचे कारागीर साचे काढतात, मूर्ती घासतात, स्प्रे गनने रंग मारतात, पण डोळे आखणारा माणूस एकच असतो आणि तो बसला की आजूबाजूला कोणी खोकतही नाही. दादांच्या शेजारी मात्र टेप चालू असायचा. आमचा लाडका बँड म्हणजे चार इंग्रज, खांद्यापर्यंत केस, पन्नास वर्षांपूर्वीचे. ड्रमवाला मध्येच थांबला की दादांचा श्वास थांबायचा आणि तेवढ्या उसंतीत त्यांचं बुबुळ पुरं व्हायचं. "स्टुडिओतलं ऐकून डोळा येत नाय," असं म्हणायचे. "तिथं सगळं पुसून-तासून घेतलेलं असतं. लाइव्ह पायजे." बोटीवर नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने कधीकाळी त्यांना कॅसेटींचं खोकं आणून दिलं होतं. प्रेक्षकांनी कोटात रेकॉर्डर लपवून घेतलेले शो. त्या खोक्याने आधी त्यांना नादी लावलं आणि मग त्यांनी आम्हाला.

आम्ही म्हणजे मी, रोह्याचा, एमआयडीसीत कंपनीत शिफ्ट करणारा, आणि पेणचाच प्रशांत, शाळेत क्लार्क. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असायचे. दर रविवारी मी सकाळच्या मेमू गाडीने रोह्याहून पेणला जायचो. दादांचं घर कारखान्याला लागूनच होतं. मागच्या पडवीत दोन जुने मोठे स्पीकर ठेवले होते, त्यांना आम्ही बॉक्स म्हणायचो. तिथे आमची सुनावणी भरायची. एकच गाणं, दोन वेगवेगळे शो, कोणता वरचढ? दादा निकाल देणार आणि तो मान्य करायचा. जो हरला त्याने आपलं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर मोबाइलमधून पुसून टाकायचं. कॅसेट असली तर दादा स्वतः बोट घालून तिची फीत भसाभस उपसायचे आणि अंगणात, जिथे मूर्ती सुकायला ठेवत, तिथे आडव्या तारेवर टांगायचे. "ऐकायच्या लायकीची नाय, पण कावळे तरी हाकलंल," म्हणायचे. ऊन पडलं की त्या काळ्या फिती अंगणभर चमकायच्या, आणि आम्ही बावळट त्याला टाळ्या वाजवायचो.

दुसरा नियम त्याहून कडक होता. कॉपी चालायची नाही. एका कॅसेटवरून दुसरीवर घेतलं की एक थर खरखर वाढते, आणि दादांच्या भाषेत ती उष्टी पत्रावळ. "मूळ आणा, नायतर येऊ नका."

शेवटच्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या तऱ्हा फारच वाढल्या. कोणी नवीन शो आणला की ते लगेच काही बोलायचे नाहीत. उजवा तळवा बॉक्सवर ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आधी तू सांग." मग परीक्षा सुरू. गिटार कुठे चढते, गर्दी कधी ओरडते, गायकाचा घसा कुठे बसतो, सगळं मिनिटामिनिटाने सांगायचं. तेही खाली मान घालून नाही. "तोंड वर कर. शब्द चावू नको. एकेक सुटा कर." सांगून झालं की ते आपलेच शब्द घेऊन आपल्यालाच धुवायचे. "सातव्या मिनिटाला घसा बसला म्हणतोस? त्याला बसणं नाय म्हणत, त्याला थकणं म्हणतात. कान हायत का भोकं?" मी पाच-सहा वर्षं हे ऐकून घेतलं, का ते विचारू नका. शाबासकी कधीतरी मिळेल असं वाटायचं.

प्रशांतला झुपकेदार मिशा होत्या. एका रविवारी दादा त्याला म्हणाले, "पुढल्या खेपेला ह्या भादरून ये, नायतर पायरी चढू नको. बघवत नाय." प्रशांतची बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, पण पठ्ठ्या भादरून आला. आम्ही पोट धरून हसलो.

आता माझ्या भावाचं सांगतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते कळेल. माझा थोरला भाऊ आखातात होता. आमचे चार इंग्रज म्हातारपणी पुन्हा दौऱ्यावर निघाले तेव्हा एक शो तिकडे झाला. भावाला त्या बँडशी काडीचं देणंघेणं नव्हतं. केवळ माझ्यासाठी तो गेला, मुठीएवढा रेकॉर्डर खिशात घालून, आणि पार मागच्या रांगेतून त्याने तो शो टिपला. चौथ्या मिनिटाला तो रेकॉर्डर तोंडाजवळ नेऊन बोलतो, "ऐकतोयस ना रे? तुझी म्हातारी माणसं अजून उडतायत बघ." कॅसेट त्याने सुट्टीवर येणाऱ्या एकाबरोबर पाठवली. पुढच्याच वर्षी तो तिकडे साइटवर उंचावरून पडला आणि गेला. त्याचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू आमच्या घरात उरली होती.

ती वस्तू मी सुनावणीला नेली. कॉपी न करता! घरात दोन कॅसेटींचा टू-इन-वन होता, कोऱ्या कॅसेटी होत्या, आणि तरी नाही केली. डोक्यात बसलेलं ना, कॉपी म्हणजे उष्टं. मोबाइलवर घ्यावं हेही सुचलं नाही. दहा वर्षं दादांसमोर मांडी घालून बसून एवढी अक्कल कमावली होती मी. दिवाळीनंतरचा रविवार होता. दादांनी तळवा बॉक्सवर ठेवला आणि म्हणाले, "आधी तू सांग." मी सगळं सांगितलं. गिटार लांबून येते, टाळ्याच पुढे आहेत, आणि चौथ्या मिनिटाला भाऊ बोलतो. काय बोलतो तेही सांगितलं. चौथं मिनिट आलं, भाऊ बोलला. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरले होते. दादांची पापणीही हलली नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी हात उचलला. "चोथा," म्हणाले. "ह्याच्यात जीवच नाय."

"दादा, भाऊ आहे हो त्यात माझा."

"मग घरी जा आणि फोटोसमोर लाव. हितं गाणं ऐकतात."

आणि मी उठेपर्यंत त्यांचं बोट फितीत गेलं होतं. मी त्यांचा हात धरू शकलो असतो. नाही धरला. नियम होता, आणि मागच्याच महिन्यात प्रशांतच्या फितीला मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. पुढचे रविवार मी जातच राहिलो, आणि जाताना-येताना अंगणातल्या तारेवर माझा भाऊ कावळे हाकलताना बघत राहिलो.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. इंग्रजी गाण्यात एखादा माणूस अचानक मराठीत बोलतो आणि ऐकणाऱ्याची पापणीही लवत नाही, हे कसं? मी लक्ष ठेवायला लागलो. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, मागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. आम्ही कुजबुजलो तर एकदम खेकसायचे, "काय चाललंय?" रंगाच्या कॉम्प्रेसरशेजारी बंद शेडमध्ये या माणसाने तीस वर्षं काढली होती. मी स्वतः कंपनीत दर वर्षी कानाची तपासणी देतो, आवाजाने कान गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं असं खोटं बोलणार नाही. मला पक्का संशय होता, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं ठरवलं.

प्रशांत गिटार बरी वाजवतो. पेणजवळच्या गडबच्या एका बेंजो पार्टीत, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या ताफ्यात, ड्रम वाजवणारा त्याचा मित्र होता. त्या दोघांनी पार्टीच्या खोलीत बसून आमच्या बँडच्या धाटणीचं आठ मिनिटांचं वादन केलं, गाणं नाही, नुसता गिटारचा आणि ड्रमचा धुमाकूळ. गर्दीचा आवाज मी आणला. रोह्यात कबड्डीच्या स्पर्धा होतात तेव्हा मैदान कसं पेटतं ते बघितलेल्याला सांगायला नको. मी फोनवर अर्धा तास टिपून घेतला आणि प्रशांतच्या लॅपटॉपवर त्या वादनामागे चढवला. त्या गर्दीत एक माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो, "अरे पाय धर त्याचा! पाय धर, पाय!" प्रशांत म्हणाला, हे काढू या, लगेच पकडतील. मी म्हटलं, राहू दे. उलट तेवढं मोठं कर. मग सगळं एका जुन्या कॅसेटवर उतरवलं आणि दादांना सांगितलं, जपानहून एकाने पोस्टाने पाठवलीय, मूळ आहे.

होळीच्या आधीचा रविवार होता. पडवीत सात-आठ जण जमले, प्रशांतने मुद्दाम बोलावलेले. दादांनी तळवा ठेवला. "आधी तू सांग," मला म्हणाले.

"आज नाही, दादा," मी म्हटलं. "आज तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. मग त्यांनी डोळे मिटले. ड्रम सुरू झाला, बॉक्स थरथरायला लागला, आणि दादांचा चेहरा हळूहळू उजळला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तिकडे बॉक्समधून रोह्याचं अख्खं मैदान कोकलत होतं, "पाय धर! पाय धर!" लोक तोंडात रुमाल कोंबून बसले होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मी नजर फिरवली.

संपल्यावर दादा म्हणाले, "आजवरचा सगळ्यांत वरचा. ड्रमवाला बघ कसा जागा हाय. आणि जपानी लोक, वा! गायचं तिथं गातात, गप बसायचं तिथं गप. शिका काय तरी."

मग जो हशा पिकला! एक जण तर खुर्चीवरून खाली आला. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, पण हसणाऱ्या तोंडावरून काय वाचणार? शेवटी त्यांनी मला विचारलं, हळू आवाजात, "रोहेकर, काय हाय त्याच्यात?"

मी त्यांच्या समोर जाऊन उकिडवा बसलो. मान वर केली, तोंड उघडलं आणि त्यांनी शिकवलं होतं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "क. ब. ड्डी."

हे त्यांना बरोबर समजलं. ते उठले, कॅसेट काढली, माझ्या हातात दिली आणि आत गेले. त्या दिवशी चहासुद्धा झाला नाही.

प्रशांतने फोनवर व्हिडिओ घेतला होता आणि पुढे पाठवला मी. दोन दिवसांत तो कारखान्यात पोचला. मग काय, दादा आखणीला बसले की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "पाय धर," आणि बाकीचे खिदळायचे. दादांना ते ऐकू यायचं नाही. मान वळवली की हसणारे मात्र दिसायचे. महिनाभरात त्यांनी टेप लावणं सोडलं, आणि टेपशिवाय त्यांचा हात चालेना. एका मूर्तीची बुबुळं तिरकी गेली. आधी कधीच असं झालं नव्हतं. मालकाने काही म्हटलं नाही, त्यांनीच ब्रश खाली ठेवला आणि परत गेले नाहीत. हे मला प्रशांतने सांगितलं. तो ढसाढसा रडला. मी नाही रडलो. मला वाटलं, फिट्टंफाट झाली.

त्यानंतर मी पेणला उतरायचं बंद केलं. पनवेलला जाताना पेण आलं की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचो. सुनावणी अर्थातच मोडली. गेल्या वर्षी पितृपक्षात दादा काविळीने गेले. मी गेलो नाही. पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुमचं सामान पडलंय हितं. घेऊन जा."

गेलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. "चहा नाय देणार मी तुम्हाला," म्हणाल्या. "सामान घ्या आणि चालते व्हा." पिशवीत एक कॅसेट होती आणि एक जाडी वही. कॅसेट मी उलटून पाहिली. भावाच्या हस्ताक्षरातला कागद त्यावर तसाच होता.

"होळी झाली आणि त्यांनी ती तारेवरनं उतरवली," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी बसायचे. ब्रशानं धूळ काढायची, बोटानं सरळ करायची आणि पेन्सिल घालून गुंडाळायची. महिना गेला त्याच्यात. मी म्हटलं, नेऊन द्या त्याला. म्हणाले, मी नाय जाणार, तो येईल. तुम्ही आलात?"

मी पिशवी बगलेत धरली.

"सात वर्षं झाली होती त्यांचे कान जाऊन. जाड आवाज तेवढा हाताला लागायचा. तुमच्या तोंडाकडं बघून समजून घ्यायचे. त्या प्रशांतच्या मिशांपायी काय कळायचंच नाय. तुम्ही सांगायचात तेवढाच त्यांना बँड उरला होता हो. रविवारी तुम्ही गेलात की वहीत उतरून काढायचे. मी म्हणायचे, सांगा ना पोरांना. तर म्हणायचे, अगो, मग येतील कशाला माझ्याकडं?" एवढं बोलून त्यांनी दार लावलं. नीट, आवाज न करता.

घरी येऊन मी कॅसेट लावली. चार मिनिटं थांबलो, पाच थांबलो, पूर्ण बाजू संपेपर्यंत थांबलो. चार महिन्यांच्या उन्हाने आणि धुळीने फितीवर काही ठेवलं नव्हतं. नुसती खरखर होती. मी टू-इन-वनच्या स्पीकरवर हात ठेवून पाहिला. तोही हलला नाही.

मग वही उघडली. आखणीवाल्याचं अक्षर, एकाही शब्दाला खाडाखोड नाही. प्रत्येक रविवार, प्रत्येक शो, कोणी काय सांगितलं. दिवाळीनंतरचा तो रविवार शोधायला वेळ लागला नाही. तिथे लिहिलं होतं:

"रोहेकर. आखातातला शो. मूळ कॅसेट. रोहेकर सांगतो, गिटार लांब, टाळ्या पुढे. चौथ्या मिनिटाला भाऊ बोलतो, ऐकतोयस ना रे, तुझी म्हातारी माणसं अजून उडतायत बघ. बॉक्स हलला नाय. मला काय आलं नाय. चोथा म्हटलं."

भावाचं ते वाक्य आता फक्त त्या पानावर आहे, आणि ते लिहिलंय अशा माणसाने ज्याने ते कधी ऐकलंच नाही. माफ मी दादांना केलेलं नाही, आणि मला करणारं आता कोणी उरलेलं नाही. रविवारी सकाळी मी ती वही काढतो आणि ते पान मोठ्याने वाचतो. तोंड वर करून, शब्द न चावता, एकेक सुटा करून.